आवाजातली फट

सास्तूर, शुक्रवार

प्रिय रणधीर,

ती फट काढून टाक म्हणून मी तुला तीनदा सांगितलं आणि तीनदाही तू हसलास. गाडीत बसून सांगितलं, शेतात आंबिलीचा तांब्या हातात देताना सांगितलं, आणि तू निघताना काचेवर बोटं वाजवून सांगितलं. तू म्हणालास, अक्का, तेवढी फट न्हाय तर गाडीत मजाच न्हाय. मजा म्हणे! पंधरा दिवस झाले, माझ्या तळपायांच्या मुंग्या अजून गेल्या नाहीत. मी आवाज बदल म्हणत नाही. आवाज मीच दिलाय, उभी राहून, शहाणपणा करून दिलाय, ती चूक माझी. पण आवाजाच्या मधली ती फट मी दिलेली नाही. ती तू कुठून आणलीस, कुणी सांगितली, तेवढं मला कळलं पाहिजे. आधी त्याचं उत्तर दे, मग खुशाली विचार.

फोन का केला नाही म्हणशील. आपल्या आबांची खाट आता गिरणीच्या दाराशीच टाकली आहे. डोळ्यांनी जेवढं दिसायचं राहिलं तेवढं ते कानांनी वसूल करतात. मी फोनवर बोलायला लागले की त्यांचं बोट कानामागं जातं आणि मग, कोण गं, रणधीर का, काय म्हणतोय. हे बोलणं त्यांच्या कानावर जायला नको. का नको ते पुढं लिहिते. आणि दुसरं, तू फोनवर ऐकत नाहीस. हं अक्का, हं अक्का करतोस आणि तिकडं टकटक टकटक काहीतरी चालूच असतं. कागद तरी हातात धरून वाचावा लागतो. सहावीतून शाळा सुटलेल्या बाईनं दोन दुपारी घालवून लिहिलाय, तर पुरता वाच.

घरचं सगळं ठीक आहे. तुझ्या बलभीम दाजींची तूर यंदा बरी आहे, म्हणून त्यांचा आवाज चढला आहे. तुझी भाची निकिता कळंबच्या शाळेत रुळली, रविवारी येते आणि माझ्या गिरणीत पीठ उडतं म्हणून नाक धरून उभी राहते. त्याच पिठावर शिकली ते विसरली. असो.

आता दिवाळीचं बोलू. भाऊबीजेला तू ओवाळून घेतलंस आणि ती काळी पेटी काढलीस. मला वाटलं, मिक्सर आणला, निघाला भोंगा. तू ती पेटी गिरणीतल्या फळीखाली सारलीस आणि म्हणालास, अक्का, चपला काढ आणि हिच्यावर उभी राहा. तुला ठाऊक आहे, मी गिरणी कानानं चालवत नाही, पायानं चालवते. वरचे दाणे संपत आले की दगड रिकामा फिरायला लागतो, ते कानाला कळायच्या आधी माझ्या तळपायाला कळतं. गिऱ्हाइकाशी भांडता भांडता मी हात मागं नेऊन चाक फिरवते आणि दगड सैल करते. गिऱ्हाइकाला पत्ता नसतो. तू लहानपणी त्याच फळीवर झोपायचास, म्हणून तुला हे ठाऊक. आणि त्या दिवशी तू म्हणालास, अक्का, भूकंपाच्या त्या पहाटेचा जमिनीतला आवाज कसा होता गं, मी तर सव्वा वर्षाचा होतो, मला काहीच आठवत न्हाय.

मला वाटलं, विचारतोय तर सांगावं. आपल्या गावात कुणी कुणाला ते विचारत नाही. बाहेरचे विचारतात, लिहून नेतात. लोक सांगतात, विमानासारखा होता, ट्रकसारखा होता. तसं काही नव्हतं. विमान वरून येतं, ट्रक समोरून येतो. तो कुठूनच येत नाही, तो होतोच, फक्त आपल्याला त्या वेळी कळतं. मी तुला म्हटलं, शंभर गिरण्या एकदम रिकाम्या फिरायला लागल्या आणि त्या सगळ्यांवर माती लोटली, तर वरच्याला जसं लागेल तसं. तू ते ऐकून बटणं फिरवायला लागलास. मी म्हणायची, अजून खाली. तू अजून खाली न्यायचास. मी म्हणायची, ह्याला किनार आहे, किनार काढ. काढायचास. मी म्हणायची, हे पोटात लागतंय, पोटात न्हाय, टाचेत लागलं पाहिजे. दीड तास आपण दोघं बहीण-भाऊ तो उकरत बसलो. आणि मग एकदा तू बटण फिरवलंस आणि मी फळीवरून उडी मारून दाराबाहेर गेले. माझी मी गेले नाही, पाय गेले. बाहेरून तुला ओरडले, बास कर, हाच. तुझं तोंड काय फुललं होतं! मला वाटलं, भावाला आपलं गाव कळलं म्हणून फुललंय.

मग तू सांगितलंस की हा आवाज कंपनीच्या नव्या गाडीत बसणार. मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, गाडीला तिचा आवाज असतो की. तर म्हणालास, हिला न्हाय, ही बॅटरीवर पळते, हिच्यात इंजिनच न्हाय, आणि एवढी दाबून पळणारी गाडी गुपचूप पळाली तर घेणाऱ्याला पळाल्यासारखं वाटत न्हाय. म्हणून सीटखाली भोंगे आणि भोंग्यात आवाज, आणि तो आवाज करायचा पगार माझ्या भावाला. दुसरी गाडी वाघासारखी गुरगुरते म्हणे, तिसरी जुन्या इंजिनाची नक्कल करते, तुमच्या सायबाला काहीतरी कुणी न ऐकलेलं पाहिजे होतं. कुणी न ऐकलेलं! माझी गिरणी ओरडते तेव्हा खाली डब्यात पीठ पडतं. तुझी गाडी काय दळते? तेव्हाच तुला पेटी उचलून फेकायला लावायला पाहिजे होतं. पण भाऊबीज होती, तू नवं लुगडं आणलं होतंस.

आणि वेळ अमावस्येला तू ती गाडी घेऊन गावातच आलास. काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या चिकटवलेली, कुणाला तिचं रूप कळू नये म्हणून. सकाळी सगळं गाव शेताला निघालेलं. भज्जीची पातेली, उंड्यांची टोपली, आंबिलीची बिंदगी घेऊन बाया दारात, गाड्या जुंपलेल्या. बरं झालं, आबा बलभीमसंगं उजाडताच शेतात गेले होते. तू माकणीच्या रस्त्यानं वळलास आणि मला दाखवायला म्हणून दाबलीस. तुला आतून काही दिसलं नसेल, मी दारात होते, मी बघितलं. आधी कुत्री गप्प झाली. मग बैल खाली बसले, जुंपलेलेच. ओरडलं कुणी नाही. चाळिशीच्या आतले जेवढे होते ते मोबाईल काढून गाडीकडं पळाले, आणि चाळिशीच्या वरचे जेवढे होते ते घराबाहेर येऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, भिंतीपासून लांब, हातातलं टाकून. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मीही तिथंच उभी होते, पोळपाट हातात घेऊन.

आपल्या शेजारची इरम्मा मावशी अनवाणी बाहेर आली आणि बोटं दुमडून माणसं मोजायला लागली. एक, दोन, तीन. तुला ठाऊक आहे, तिच्या घरात तेव्हा सात माणसं होती, आता ती आणि सून, दोघीच. ती सातापर्यंत जायला बघत होती. सहावर थांबायची आणि परत पहिल्यापासून. सून म्हणाली, अत्या, चला की, गाडी आहे ती, रणधीरभावजींची गाडी आहे, शेताला उशीर व्हायलाय. तर मावशी म्हणाली, थांब गं, एक कमी येतंय. तिथं उभ्या माणसांकडं बघून मोजत नव्हती ती. रिकाम्या जागांकडं बघत होती आणि तिला सहा दिसत होती. तू मात्र काच खाली करून म्हणालास, काय मावशी, कसा हाय आवाज? तिनं तुला नीट उत्तर दिलं, म्हणाली, बरोबर हाय बाबा. तुला वाटलं तिनं वाखाणला.

दुपारी शेतातल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली, जेवणं झाली, आणि तू मला फेरी मारायला घेतलंस. गावात तेव्हा एक माणूस नव्हतं. भरदुपारी सगळ्या दारांना कुलपं, रस्त्यावर आपणच. मी बसल्या बसल्या चपला काढल्या, सवयीनं. तू म्हणालास, आता बघ अक्का, आणि दाबलीस. सुरू झाला. खालून, टाचेत, जसा मी दिला होता तसाच. मी मनाला म्हणत होते, खोटा आहे, भोंगा आहे, आपणच केलाय. तो चढला, चढला, आणि मध्येच थांबला. बाहेर तुरी मागं पळत होत्या, गाडी तशीच पळत होती, आणि आत असं गप्प झालं की माझ्याच बांगडीवर बांगडी पडलेली मला ऐकू आली. दोन श्वास घेता येतील एवढं. मग परत सुरू झाला, आधीच्या दुप्पट.

मी थांबव म्हटलं. तू हसून समजावलंस की ह्या गाडीला गिअर नाहीत, पण चालवणाऱ्याला गिअर पडल्यासारखं वाटलं पाहिजे म्हणून आवाज मध्ये तोडतात, सगळ्याच कंपन्या तोडतात. बरं, तोडत असतील. मी विचारलं, मग एवढीच का तोडलीस? कुणी माप दिलं? तर तुझं उत्तर मला जसंच्या तसं आठवतंय. म्हणालास, माप कसलं, दुसऱ्यांची डोळ्याची पापणी लवावी एवढी असते. सायबांनी माझीसुद्धा तेवढी करायला सांगितली होती, पण लहान केली की चुकल्यासारखं वाटायचं, म्हणून लांबवत लांबवत नेली, आणि इथं आल्यावर हाताला बरोबर वाटलं. हाताला बरोबर वाटलं! मी तुला परत फिरवायला लावलं, एकदा, दोनदा. मला खात्री करायची होती. तुला वाटलं, अक्काला गाडीचा नाद लागला.

रणधीर, तो आवाज सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती फट कुणालाच ठाऊक नाही. तू गेल्यावर मी इरम्मा मावशीला आडून विचारलं, तेव्हा मध्ये थोडं थांबलं होतं का गं. ती म्हणाली, थांबलं कुठं, एकदा लागलं ते सगळं घेऊनच गेलं. मग मी वरच्या आळीच्या आण्णासाहेबांना विचारलं, दळण न्यायला आले होते तेव्हा. तेही तेच म्हणाले. दोघांनीही माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं काही मीच ते थांबवलं होतं. बत्तीस वर्षं मलाही वाटायचं, माझ्या मनानं ती फट केली असेल. भाऊबीजेला मी तुला सगळं दिलं आणि तेवढं मुद्दाम दिलं नाही. आणि तू बरोबर त्या जागी, बरोबर तेवढीच करून आणलीस.

आता बसून वाच. आई झोपेत गेली असं मी तुला सांगत आले. आबांना तेच सांगितलं, मामाला तेच, पंचनाम्याला आलेल्यांनाही तेच. आबा त्या दिवशी शेतावर राखणीला होते, म्हणून वाचले, आणि तेव्हापासून त्या एका वाक्यावर जगलेत. अजून म्हणतात, धुरपदाला काही कळलं न्हाय, देवानं तेवढं बरं केलं. तसं नव्हतं. आई जागी होती, माझ्याही आधी जागी झाली होती. तिनंच तुला उचलून माझ्या खांद्यावर टाकलं आणि पाठीत बुक्की घालून मला दाराकडं ढकललं. मला वाटलं, ती मागंच आहे. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चांदणं एवढं लख्ख की अंगणातल्या जात्याचा खुंटा दिसत होता. मी अंगणाच्या मध्यात आले आणि तो आवाज थांबला. दोन श्वास. आणि मागून आई म्हणाली, शिवे. ओरडून नाही. चुलीपुढून पाण्याचा तांब्या मागायची तशी. पुढंही काहीतरी म्हणाली, पण तोवर तो परत सुरू झाला. मला वळायला वेळ होता. मी तेरा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं, आणि मी वळले नाही. मी पुढं पळाले. छताचं मातीचं माळवद खाली बसल्याचा आवाज मी पाठीनं ऐकला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, देवीपुढंही नाही. तुला सांगितलं नाही कारण तुला मीच वाढवलं आणि तू मला आईच्या जागी मानतोस. त्या जागेवर मी कशी आले हे कळल्यावरही मानायचं असेल तर मान, नाही तर नको. रडून लिहीत नाहीये. मला आता रडायला सवड नाही, मला एक गोष्ट विचारायची आहे.

त्या दुपारी आपण तीन खेपा मारल्या. तिन्ही खेपांना फट आली की तुझी मान डाव्या खांद्यावरून मागं वळली. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याकडं बघतोयस. पण तुझी नजर माझ्यावर थांबली नाही, मला ओलांडून मागच्या सीटकडं गेली, आणि तिथं खालती कुठंतरी टेकली, बसलेल्या माणसाच्या तोंडावर टेकावी तशी. मागं काय बघतोस म्हटलं तर म्हणालास, कुठं काय, मी समोरच बघतोय. तू खोटं बोलत नव्हतास, तुला ठाऊकच नव्हतं. आणि तिन्ही खेपांना तुझा डावा हात चाकावरून सुटला आणि पंजा हवेत हलला, उघडला, मिटला, उघडला. आवाज सुरू झाला की मान समोर, हात चाकावर, आणि तू हसत, कसं वाटलं अक्का. तेहतीस वर्षांच्या बाप्याचा हात तसा हलत नाही. तसा अंगावरच्या लेकराचा हलतो. आणि लेकरू आपल्या मनानं हात हलवत नसतं रे. समोरचं माणूस हलवतं, ते बघून हलवतं.

म्हणून हे पत्र. मी वळले नाही, पण तू माझ्या खांद्यावर होतास आणि तुझं तोंड मागं होतं. आईला शेवटचं मी बघितलं नाही, तू बघितलंस. तिचा हात मोकळा होता आणि ती तो हलवत होती, एवढं तुझ्या पंजानं मला सांगितलं. पण मी बाजूला बसले होते, बाजूनं बघितलं तर ये म्हणणारा हात आणि जा म्हणणारा हात सारखाच दिसतो. ती मला बोलावत होती की पाठवत होती, हे मला ह्या जन्मात कळून घ्यायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाकडं नाही. तू म्हणालास, संक्रांत झाली की आवाजाला कुलूप लागणार, मग त्यात कुणाला हात घालता येणार नाही. त्याच्या आधी ती फट काढून टाक, लोकांच्या गाड्यांत ती जाता कामा नये, मागच्या सीटवर कोणाकोणाला काय बसलेलं दिसेल सांगता येत नाही. पण काढायच्या आधी एकदा खोलीत एकटा बस. गाडीत नको, मान वळते तुझी, कुठं तरी आदळशील. चपला काढ, आवाज लाव, आणि फट आली की हसू नको, बोलू नको, मान वळेल तशी वळू दे आणि पूर्ण बघ. काही दिसलं नाही तर तसंच लिही. मला बरं वाटावं म्हणून जा लिहू नको, आणि माझा राग आला म्हणून ये लिहू नको. फोन करायचा नाही, गिरणीच्या पत्त्यावर कागद पाठव, आबांच्या हातात पडला तरी त्यांना वाचता येणार नाही. भोगी तेरा तारखेला आहे, मंगळवारी. त्या दिवशी मी गिरणी बंद ठेवून पोस्टमनच्या वाटेवर बसणार आहे. ये का जा, तेवढं एक अक्षर त्याच्या आत आलं पाहिजे.

तुझीच, तुला घेऊन पळालेली,
अक्का